सिनेमातला ‘म्युटंट’ आणि तुमच्या रिपोर्टमधले ‘म्युटेशन’

तपासणीच्या रिपोर्टवर ‘म्युटेशन डिटेक्टेड’ एवढे दोन शब्द दिसले की घरातले वातावरण बदलते. कुणी गुगल उघडते, कुणी देवाला नवस बोलते आणि घरातला शाळकरी मुलगा विचारतो, ‘म्हणजे आई एक्स-मेनसारखी झाली का?’ मुलाच्या प्रश्नावर मोठे हसतात खरे, पण त्यांच्या मनातली कल्पनाही फारशी वेगळी नसते. म्युटेशन म्हणजे शरीरात काहीतरी भयंकर, कायमचे आणि न सांगण्यासारखे बिघडले आहे, असेच बहुतेकांना वाटते.

हा शब्द आता मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांपुरता राहिलेला नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक तपासण्या झाल्या. त्यांत दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक सापडले. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत राहणाऱ्या अनेकांच्या हातात आज सिकलसेलचे कार्ड आहे. त्या कार्डावर जे लिहिले आहे ते एका म्युटेशनचेच नाव आहे. म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ.

सिनेमाने काय शिकवले

‘हल्क’ आणि ‘स्पायडर-मॅन’ १९६२ मध्ये आले, ‘एक्स-मेन’ १९६३ मध्ये. तो अणुचाचण्यांचा काळ होता. क्ष-किरणांमुळे फळमाशीत म्युटेशन होतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्येच दाखवले होते आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले होते. हिरोशिमा-नागासाकीनंतर ही माहिती प्रयोगशाळेबाहेर आली आणि भीती होऊन कॉमिक्समध्ये शिरली. किरणांचा झोत लागला की माणूस हिरवा राक्षस होतो, कोळी चावला की भिंतीवर चढतो. आपल्याकडे २०१३ च्या ‘क्रिश ३’ मध्ये खलनायक माणसाची आणि प्राण्यांची जनुके मिसळून ‘मानवर’ तयार करतो.

कथा म्हणून यात काही वावगे नाही. मलाही हे सिनेमे आवडतात. पण त्यातून एक चुकीची समजूत घट्ट बसली: म्युटेशन झाले की अख्खे शरीर एका झटक्यात बदलते. प्रत्यक्षात म्युटेशन एका पेशीतल्या डीएनएमध्ये होते. मोठ्या माणसाच्या शरीरात लक्षावधी कोटी पेशी असतात आणि त्या सगळ्यांत एकाच वेळी एकच बदल घडवून आणेल असा कोळी अजून जन्मलेला नाही.

किरणांच्या भीतीबद्दल थोडे सांगतो, कारण छातीचा एक्स-रे लिहून दिला तरी काही जण ‘पुढे मुलांना काही होणार नाही ना?’ असे विचारतात. अणुबाँबमधून वाचलेल्या लोकांना नंतर झालेल्या हजारो मुलांचा कित्येक दशके अभ्यास झाला. त्या मुलांत आनुवंशिक आजार वाढल्याचे आढळले नाही. ज्यांच्यावर थेट किरणोत्सर्ग झाला त्यांच्यात मात्र कॅन्सरचे प्रमाण वाढले, हेही तितकेच खरे. छातीच्या एका एक्स-रेमधला किरणोत्सर्ग हा आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळतो तेवढा असतो. सीटी स्कॅनमध्ये तो बराच जास्त असतो, म्हणून ‘मनाच्या समाधानासाठी एकदा सीटी करून टाका’ हा आग्रह धरू नका.

‘डबल म्युटंट’ आठवतोय?

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या कोविडच्या नमुन्यांत दोन लक्षणीय म्युटेशन असलेला प्रकार आढळल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘डबल म्युटंट’ हा शब्द झाला. जणू एक म्युटंट पुरेसा नव्हता म्हणून दोन एकत्र आले. वास्तविक त्या विषाणूत दोनपेक्षा कितीतरी जास्त बदल होते. त्यांतल्या दोन ठिकाणच्या बदलांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष होते, इतकेच. नंतर याच कुळातल्या एका शाखेला ‘डेल्टा’ नाव मिळाले आणि तिने केलेली हानी आपण सर्वांनी पाहिली. धोका खराच होता. पण तो प्रसाराच्या वेगाचा होता आणि मास्क, हवा खेळती ठेवणे, लस हे उपाय तेच होते. ‘डबल म्युटंट आलाय, आता लशीचा काय उपयोग’ असे म्हणून घरी बसलेले लोक त्या काळात होते. नावाने घातलेल्या भीतीची किंमत अशी मोजावी लागते.

तुम्हीही म्युटंट आहात

प्रत्येक बाळ जन्माला येताना साधारण साठ-सत्तर नवी म्युटेशन घेऊन येते, जी आईत नव्हती आणि वडिलांतही नव्हती. सुमारे सहाशे कोटी अक्षरांची नक्कल करताना इतक्या चुका राहतात. वडिलांचे वय जास्त असेल तर त्या थोड्या वाढतात. (मूल उशिरा झाले की फक्त आईच्या वयाकडे बोट दाखवणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा.) यांतल्या बहुतेक बदलांनी काहीच होत नाही.

त्यामुळे खरा प्रश्न म्युटेशन आहे की नाही हा नसतोच. ते कुठे आहे, एका प्रतीत आहे की दोन्ही, आणि त्यावर काय करता येते, हे विचारायचे असते. सिकलसेल हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण.

एका अक्षराचा आजार

हिमोग्लोबिन बनवण्याची कृती सांगणाऱ्या जनुकात एका ठिकाणी ‘जीएजी’ असे तीन अक्षरांचे लेखन असते. त्यातले मधले ‘ए’ जाऊन ‘टी’ आले की सिकल हिमोग्लोबिन तयार होते. बस, एक अक्षर. प्राणवायू कमी पडला की या हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यातून असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग आणि कधी लहान मुलांतही पक्षाघात होतो.

हे जनुक आपल्याकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्हींत बदल असेल तर ‘एसएस’, म्हणजे सिकलसेल रुग्ण. एकातच असेल तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला हा आजार नसतो. तो शेतात काम करतो, पोलीस भरतीसाठी धावतो, बाळंतपणेही व्यवस्थित होतात. फार उंचीवर किंवा कडक उन्हात पाणी न पिता अतिश्रम करणे टाळावे, लघवीतून रक्त गेल्यास दाखवावे, भूल देण्याआधी डॉक्टरांना सांगावे, एवढीच पथ्ये. उलट, एएस असलेल्या लहान मुलांचे गंभीर मलेरियापासून संरक्षण होते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिले. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे म्युटेशन टिकून राहिले ते याच कारणाने. त्यात कुणाच्या कुळाचा दोष नाही आणि कुणाचे पापही नाही.

एक गोष्ट पालकांना चकवते. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे एसएस बाळसुद्धा पहिले काही महिने धडधाकट दिसते. सहा महिन्यांच्या आसपास हातापायाची बोटे सुजतात, बाळ सारखे रडते, आणि ‘काहीतरी लागले असेल’ म्हणून शेकत बसण्यात वेळ जातो.

कार्ड आणि लग्न

मोहिमेत लग्नाआधी दोघांची कार्डे जुळवून पाहण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे, पण गावात त्याचे काय होते ते तुम्हाला माहीत आहे. मुलीच्या कार्डावर ‘वाहक’ दिसले की स्थळ मोडते. मुलाची तपासणी झालीच नसते आणि ती करा म्हणण्याची मुलीच्या वडिलांची हिंमत होत नाही. मग पुढच्या स्थळाला कार्ड दाखवायचेच नाही, असे घरात ठरते. तपासणीचा सगळा उद्देश इथे बुडतो.

गणित असे आहे. वाहक आणि निरोगी यांचे लग्न झाले तर एकाही मुलाला सिकलसेल आजार होणार नाही. निम्मी मुले वाहक असण्याची शक्यता, बस. म्हणजे केवळ वाहक आहे म्हणून मुलगी नाकारणे हे वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी निघतील, असा हिशेब नसतो. तरीही दोन वाहकांनी लग्न करायचे ठरवले तर तो त्यांचा अधिकार आहे. गर्भधारणा कळताच लवकर डॉक्टरांना भेटल्यास साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, सासूचा नाही आणि माझाही नाही.

तपासणीबद्दल एक सूचना. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. शिवाय जोडीदार सिकलसेलचा वाहक नसला तरी थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो, आणि दोन्ही बदल एकाच बाळात आले तर आजार होतो. एचपीएलसीमध्ये तेही सहसा दिसते. म्हणून तपासणी दोघांची, आणि पूर्ण.

बदलावर बदलाचाच उपाय

२००६ च्या ‘एक्स-मेन : द लास्ट स्टँड’ या चित्रपटात म्युटंटांना ‘बरे’ करणारे इंजेक्शन निघते. काही जण रांगा लावतात, काही म्हणतात आम्हाला आजारच नाही तर औषध कशाला? प्रश्न चांगला आहे, आणि सिकलसेलमध्ये त्याचे उत्तर सरळ आहे: वाहकाला औषध नको, रुग्णाला हवे.

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या जनुकसंपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. गंमत अशी की यात ते चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाहीत. गर्भातले हिमोग्लोबिन बंद करणारे एक बटण असते, ते ‘क्रिस्पर’च्या कात्रीने निकामी केले जाते. म्हणजे मुद्दाम एक नवे म्युटेशन घडवले जाते आणि बाळपणी बाळाला वाचवणारे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. काही लोकांत असा बदल जन्मतःच असतो. त्यांचा सिकलसेल सौम्य राहतो.

पण हे एका इंजेक्शनचे काम नाही. रुग्णाच्या मूळपेशी काढून प्रयोगशाळेत बदलतात, मग केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत देतात. कित्येक आठवडे रुग्णालयात राहावे लागते, वंध्यत्वाचा धोका असतो, आणि अमेरिकेतली जाहीर किंमत आहे २२ लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने विकसित केलेल्या ‘बिरसा १०१’ या उपचाराची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. बातमी आनंदाची आहे. मात्र घोषणा झाली म्हणजे उपचार जिल्हा रुग्णालयात आला असे होत नाही. तोपर्यंत ‘जीन थेरपीने सिकलसेल मुळापासून बरा’ अशी जाहिरात करणाऱ्या कुणालाही शेत विकून पैसे देऊ नका. जुळणारे भावंड असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा आजही उपलब्ध असलेला खरा उपाय आहे. त्याबद्दल रक्तविकारतज्ज्ञांना विचारा.

बाकीच्यांसाठी हायड्रॉक्सियुरियाची साधी कॅप्सूल आहे. तीही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी करते. ती रोज घ्यावी लागते, ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, आणि मूल होऊ द्यायचे असेल तर स्त्री-पुरुष दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. माझ्या मते आज या देशात सर्वाधिक जीव वाचवेल ते क्रिस्पर नव्हे, ही कॅप्सूल न चुकता मिळणे.

कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये म्युटेशन असेल तर

इथला अर्थ पुष्कळदा अगदी वेगळा असतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये गाठीचा तुकडा तपासून ‘ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला, तर तो बदल सहसा त्या गाठीच्या पेशींतच झालेला असतो. तो मुलांकडे जात नाही. शिवाय अशा रुग्णांना गोळ्यांच्या रूपातले नेमके औषध देता येते, म्हणून हा ‘पॉझिटिव्ह’ ऐकून रडू नका.

बीआरसीए वेगळे. रक्ताच्या तपासणीत तो बदल सापडला तर तो आनुवंशिक असतो. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो वडिलांकडूनही मुलीकडे येऊ शकतो. अशा वेळी बहिणी, मुली आणि भाऊ यांनीही समुपदेशन घ्यावे.

कधी रिपोर्टवर ‘व्हेरिअंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ बदल दिसला, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेले नाही. केवळ त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नका. २०१५ पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी रिपोर्टमध्ये ‘म्युटेशन’ऐवजी ‘व्हेरिअंट’ हा शब्द वापरण्याची शिफारस केली आहे, कारण जुन्या शब्दामुळे बदल घातकच आहे असा गैरसमज होतो.

पुढच्या वेळी असा रिपोर्ट घेऊन याल तेव्हा डॉक्टरांना एवढे विचारा: हा बदल गाठीतला की जन्मजात? एका प्रतीत की दोन्ही? घरात आणखी कुणाची तपासणी हवी का? आणि आजपासून काय करायचे? सिकलसेलचा रुग्ण घरात असेल तर आणखी एक काम करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. वाहकाला ते मिळत नाही, कारण वाहक आजारी नसतो.