आधी कोटिंग, मग मशीन!
कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीमातेचं माहेर. यात्रा आली की द्रोण-पत्रावळ्या लागणारच, म्हणून कागदी द्रोणाचं मशीन घ्यावंसं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: आधी कोटिंग ठरवा.

कागद पाणी थोपवत नाही; वरण थोपवतो तो त्यावरचा पातळ थर. स्वस्त कागदावर तो बहुधा पॉलिथिनचा असतो, आणि अशा प्लॅस्टिक-कोटेड मालावर महाराष्ट्रात जुलै २०२२ मध्ये बंदी आली. माल जप्त झाला तरी मशीनचा हप्ता थांबत नाही!

प्रमाणपत्र असलेल्या कंपोस्टेबल मालाला त्याच वर्षी सूट मिळाली. त्यात मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं पीएलए येतं. पण ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उकिरड्यावर लवकर कुजत नाही. गिऱ्हाइकाला खोटं आश्वासन देऊ नका.

पुरवठादाराकडून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. दहा नमुने घ्या, वाफाळतं वरण ओता, अर्धा तास थांबा. तळ ओला झाला तर तो कागद नको.

आणि गिऱ्हाईक जवळचंच असेल, तर पळसाच्या पानांचा हिशोबही मांडून बघा. त्यांना कोटिंगच लागत नाही.