चालवायची नाही, तर घ्यायची कशाला?

आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र पोटातला नाही, अगदी डोक्यातला आहे. गेल्या महिन्यात मेसमध्ये माझा आणि माझ्या रूममेटचा त्यावरून असा काही वाद झाला, की वाढलेली भाजी तशीच गार झाली. (मेसची भाजी असल्यामुळे नुकसान विशेष नाही!)

वादाचा मुद्दा होता अमेरिकेतल्या बंद पडलेल्या स्पोर्ट्स गाड्यांची रीसेल व्हॅल्यू. रूममेटचं म्हणणं सोपं होतं. गाडी बंद झाली की ती दुर्मिळ होते, दुर्मिळ झाली की महाग होते. म्हणून शेवटच्या वर्षाचं मॉडेल घ्यावं, ताडपत्री टाकावी आणि तीस वर्षांनी विकावं. त्याचा हुकमी एक्का म्हणजे ब्यूकची १९८७ ची जीएनएक्स. फक्त ५४७ बनल्या. ३.८ लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन, कागदावर २७६ हॉर्सपॉवर, म्हणजे त्या वर्षीच्या कॉर्व्हेटपेक्षाही जास्त! नवी असताना ती साधारण तीस हजार डॉलरला मिळायची. आज जवळजवळ न चालवलेली जीएनएक्स लिलावात दोन लाख डॉलरच्या पुढे जाते.

मान्य. पण १९७८ च्या कॉर्व्हेट पेस कारचं काय? इंडियानापोलिसच्या शर्यतीत पुढे धावण्याचा मान त्या वर्षी कॉर्व्हेटला मिळाला, म्हणून कंपनीने काळ्या-चंदेरी रंगाची खास आवृत्ती काढली. आधी थोड्याच काढायचं ठरलं होतं, पण प्रत्येक डीलरला एक तरी हवीच, असं करता करता आकडा ६,५०२ वर गेला. लोकांनी छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले आणि गाड्या गॅरेजमध्ये कुलूपबंद केल्या. झालं काय? सगळ्यांनीच जपून ठेवल्या, त्यामुळे दुर्मिळ काही राहिलंच नाही. प्लॅस्टिकची आवरणंसुद्धा न काढलेल्या गाड्या अजून बाजारात येतात, आणि मालकांच्या मनातली किंमत काही येत नाही. जी वस्तू जपायची म्हणूनच लोक विकत घेतात, ती दुर्मिळ होणार तरी कशी?

उलट डॉज वायपर बघा. १९९२ ची पहिली वायपर म्हणजे आठ लिटरचं व्ही-१० इंजिन आणि वर जवळजवळ काहीच नाही. दाराला बाहेरून हँडल नाही, खिडकीला काच नाही. ती एकदा २०१० मध्ये बंद झाली, परत आली, पण गिऱ्हाईक काही फिरकेना, शेवटी २०१७ मध्ये कायमची बंद. आता तिच्याच शेवटच्या एसीआर मॉडेलला लोक मूळ किमतीपेक्षा जास्त मोजतायत. शोरूममध्ये उभी होती तेव्हा कुठे होते हे सगळे?

मला खरी चीड येते ती मैलांच्या हिशोबाची. जितकी कमी चालवलेली, तितकी किंमत जास्त. अरे, आपण इंजिनीअरिंग शिकतोय ना? उभी गाडी म्हणजे काही लोणचं नाही मुरायला! टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर होतो, रबरी सील वाळून तडकतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात. ज्या माणसांनी रात्री जागून ते इंजिन डिझाइन केलं, त्यांनी ते काय ताडपत्रीखाली झोपायला केलं?

आता माझ्या बाजूचा एक्का. माझा मामा मिशिगनला असतो. एम.एस. करताना, १९९४ मध्ये, त्याने एक जुनी पॉन्टिअ‍ॅक फिएरो घेतली, १९८८ ची जीटी. फिएरो म्हटलं की अमेरिकन माणसाला एकच आठवतं, आग. १९८४ च्या चार सिलिंडरच्या काही गाड्यांत कनेक्टिंग रॉड तुटायचे आणि ऑइल गरम एक्झॉस्टवर सांडून पेट घ्यायचं. शिवाय पैसे वाचवायला सस्पेन्शन दुसऱ्या साध्या गाड्यांचं उचललेलं. ते सगळं सुधारून १९८८ मध्ये तिला स्वतःचं सस्पेन्शन मिळालं, आणि त्याच वर्षी कंपनीने गाडी बंद केली! म्हणजे सबमिशन पूर्ण झालं आणि त्याच दिवशी विषयच सिलॅबसमधून काढला. पुढे २०१० मध्ये पॉन्टिअ‍ॅक हे नावसुद्धा संपलं.

एकूण सुमारे ३ लाख ७० हजार फिएरो बनल्या, त्यांत १९८८ च्या जेमतेम २६ हजार. रूममेटच्या नियमाने आज मामा श्रीमंत व्हायला हवा होता. प्रत्यक्षात चांगली १९८८ ची जीटीसुद्धा नव्या साध्या सेदानपेक्षा स्वस्त मिळते. बाजार सस्पेन्शन बघतच नाही, बाजार आठवणी विकत घेतो. ज्यांनी सोळाव्या वर्षी जीएनएक्सचं पोस्टर लावलं, त्यांच्याकडे पन्नाशीत पैसा आला, इतकंच ते गणित. डीलोरियनचंही तेच. १३० हॉर्सपॉवरच्या त्या गाडीला १९८५ च्या सिनेमाने जेवढं तारलं, तेवढं तिच्या इंजिनाने कधीच नसतं तारलं.

दिवाळीत मामाचा फोन आला, तेव्हा कळलं की फिएरोला गिऱ्हाईक आलंय. मामी खूश, कारण गॅरेज मोकळं होणार. पण त्या माणसाला फिएरो नकोच होती. इंजिन मधोमध असल्यामुळे फिएरोच्या सांगाड्यावर वेगळी बॉडी चढवून नकली फेरारी बनवतात, हा तिकडचा जुना धंदा आहे. त्याला हवा होता फक्त सांगाडा. भाव मात्र बरा देत होता.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"अरे, तीस वर्षं उन्हाळ्यात दर रविवारी चालवतोय. रस्त्यावरच्या मिठाने खालचं लोखंड गंजू नये म्हणून हिवाळ्यात बाहेर काढत नाही. ती काय फेरारीचा मुखवटा घालायला?"

मामाने नाही सांगितलं. मामी दोन दिवस बोलली नाही म्हणे. आणि मला निरोप आहे, की एम.एस.ला आलास तर किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला आहे, फक्त एप्रिलच्या आधी हात लावायचा नाही.

रूममेट अजून जीएनएक्सवरच अडून बसलाय. त्याची बाजू घ्यायची असेल त्यांनी रात्री जेवणानंतर आमच्या रूमवर यावं. चहा आपापला आणावा.