पहिला हक्क, पहिली जबाबदारी

रस्त्यावर समोरून गाडी अंगावर आली तर आपण काय करतो? आधी ब्रेक दाबतो, मग हॉर्न. (आमच्या अड्यारच्या सिग्नलला संध्याकाळी हा क्रम उलटा असतो, ते सोडा!) पण शिडाच्या होडीला ब्रेकच नसतो. शीड सैल सोडलं तरी ती लगेच जागेवर थांबत नाही. आता अशा पंधरा-वीस होड्या एकाच वेळी एकाच बोयाकडे निघाल्या आहेत अशी कल्पना करा. आधी कुणी जायचं? बाजूला कुणी व्हायचं?

चेन्नईला हा प्रश्न नवा नाही. इथल्या बंदराच्या आवारात रॉयल मद्रास यॉट क्लब आहे. १९११ साली तो सुरू केला सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी. तेव्हा ते मद्रास पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष होते. गणिती रामानुजन यांना १९१२ मध्ये कारकुनाची नोकरी मिळाली, ती याच कचेरीत. आणि टोकियो व पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये भारतासाठी सेलिंग करणारी नेत्रा कुमनन याच शहरातली. पण आज ऑलिंपिकबद्दल नाही, सुट्टीच्या दिवशी हौसेखातर होणाऱ्या शर्यतींबद्दल बोलूया. तिथे मुरलेले खलाशी आणि मागच्या महिन्यात सुकाणू धरायला शिकलेलं पोर एकाच पाण्यात असतात. गोंधळ होतो तो इथेच.

मुळात एवढ्या मोठ्या पाण्यात होड्या एकमेकींवर येतातच कशा? पहिलं कारण वारा. कुठलीही शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. घाटातल्या रस्त्यासारखी नागमोडी वळणं घेत तिला वर चढावं लागतं. कुणी डावीकडून येतं, कुणी उजवीकडून, आणि वाटा एकमेकींना छेदतात. दुसरं कारण खुद्द शीड. एका बाजूचं पाणी त्याच्यामागे झाकलं जातं, त्यामुळे वाकून पाहिल्याशिवाय तिकडची होडी दिसत नाही. तिसरं कारण वेळ. दोन होड्या ताशी ९ किलोमीटरने काटकोनात येत असतील, तर त्यांच्यातलं ३० मीटर अंतर साधारण आठ-नऊ सेकंदांत संपतं. ‘अरे, ती होडी बघ’ म्हणेपर्यंत दोन सेकंद गेलेले असतात!

म्हणून शर्यतीचे नियम आहेत. ‘वर्ल्ड सेलिंग’ ही जागतिक संघटना ते ठरवते आणि दर चार वर्षांनी त्यात सुधारणा करते. सध्या २०२५ ते २०२८ची आवृत्ती चालू आहे. पुस्तक जाडजूड असलं तरी लहान मुलांनाही कळतील असे तीन नियम आधी लक्षात ठेवायचे.

एक, समोरासमोर येणाऱ्या दोन होड्यांपैकी जिला वारा उजव्या बाजूने लागतोय, तिला पहिला हक्क. डाव्या बाजूने वारा घेणारीने बाजूला व्हायचं. शर्यतीत ‘स्टारबोर्ड!’ अशी आरोळी ऐकू येते, ती याचीच आठवण करून देण्यासाठी.

दोन, दोघींना वारा एकाच बाजूने लागतोय आणि दोघी शेजारी-शेजारी आहेत, तर वाऱ्याच्या बाजूला असलेलीने दूर राहायचं.

तीन, एक पुढे आणि एक पूर्णपणे मागे असेल, तर मागचीने सांभाळायचं. हा मात्र अगदी आपल्या रस्त्यासारखा.

वळणाच्या बोयापाशी आणखी एक नियम लागतो. बोयाभोवती होडीच्या लांबीच्या तिप्पट अंतराचा एक अदृश्य घेर मानतात. पहिली होडी त्या घेरात शिरते तेव्हा दोघी शेजारी-शेजारी असतील, तर बाहेरच्या होडीने आतल्या होडीला वळायला जागा द्यायची. शेवटच्या क्षणी मध्ये घुसणाऱ्याला हा हक्क मिळत नाही.

इथपर्यंत सगळं हक्काबद्दल झालं. पण याच पुस्तकातला चौदावा नियम सगळ्यांना बांधतो: शक्य असेल तर धडक टाळा. पहिला हक्क असलेल्या होडीनेसुद्धा! समोरची बाजूला होईल अशी वाट पाहायची तिला मुभा आहे. पण ती बाजूला होत नाही हे स्पष्ट दिसल्यावर ‘हक्क माझा’ म्हणत सरळ घुसायची मुभा नाही. कुणाला लागलं किंवा होडी फुटली, तर हक्क असलेलीलाही दोष लागू शकतो. शिवाय हक्क असलेलीने अचानक दिशा बदलून दुसरीला कोंडीत पकडायचं नसतं. आपण कुठे जाणार हे समोरच्याला कळलं पाहिजे, तरच तो वाट देऊ शकतो.

मला आवडणारी गोष्ट यापुढची आहे. अशा शर्यतीत शिट्टी वाजवणारा पंच बहुतेक वेळा होड्यांच्या आसपास नसतो. चूक झाली तर ज्याची चूक त्यानेच बाजूला जाऊन होडी दोनदा गोल फिरवायची आणि मग पुढे निघायचं. बोयाला धक्का लागला तर एक फेरी. आपल्यामुळे कुणी जखमी झालं किंवा मोठं नुकसान झालं, तर शर्यतच सोडायची. क्रिकेटमध्ये अंपायरने बोट वर करायची वाट न पाहता तंबूकडे निघणारा फलंदाज असतो ना, तसंच.

हे नियम शर्यतीतल्या होड्यांपुरते. शर्यतीबाहेरच्या नावांशी गाठ पडली की १९७२चे आंतरराष्ट्रीय सागरी नियम लागू होतात. ‘इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यायची’ हे वाक्य अनेकांना पाठ असतं, पण ते अर्धंच आहे. जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या नावेला शिडाच्या होडीनेच वाट द्यायची असते. अरुंद मार्गातून येणारं मोठं जहाज वळू शकत नाही, त्याच्या आड यायचं नाही. अड्यार नदी समुद्राला मिळते तिथे ऊरूर ओल्कॉट कुप्पम हे मच्छिमारांचं गाव आहे. शर्यत आपली हौस असते, त्यांचं जाळं म्हणजे त्यांचं पोट. कोळीवाड्यात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाण्यावरची धडक काय करू शकते, हे आपण मुंबईत पाहिलं आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. १५ जणांचा जीव गेला. ती शर्यत नव्हती, वेगही फार मोठा होता. पण सहलीला निघालेल्या माणसांच्या आणि अपघाताच्या मध्ये किती थोडे क्षण असतात, ते त्या दुपारी दिसलं.

तुमच्या घरातलं कुणी सेलिंग शिकत असेल, मग ते चेन्नईत असो, मुंबईत असो की खडकवासल्याला, तर एवढं नक्की पाहा. लाइफ जॅकेट अंगात हवं आणि ते नीट बांधलेलं हवं. होडी वळताना शिडाखालचा आडवा दांडा झपकन फिरतो, तेव्हा डोकं खाली. दर थोड्या वेळाने शिडाखालून पलीकडे नजर. आणि शर्यतीआधी किनाऱ्यावरच विचारून घ्यायचं की आज नवीन कोण आहे.

कारण ‘स्टारबोर्ड!’ ही आरोळी नवख्या पोराला कळेलच असं नाही. ते घाबरून सुकाणू घट्ट धरून बसतं आणि होडी तशीच सरळ येत राहते. तेव्हा नियम ज्याला येतात त्यानेच होडी वळवायची. तक्रार किनाऱ्यावर करता येते, समजावूनही तिथेच सांगता येतं. पुढच्या रविवारी ते पोर आपणहून वाट देईल.