वडिलोपार्जित मोत्यांची निगा

सोन्याचा दागिना मोडला तरी सोनें उरतें. मोत्यांचा दागिना मोडला म्हणजे बहुधा कांहींच उरत नाहीं. सराफ सोनें तोलतो आणि मोत्यांचें वजन घट म्हणून वजा करितो. अशा रीतीनें किती नथा, तन्मणी व चिंचपेट्या मोडींत गेल्या असतील, याची गणती नाहीं. वडिलोपार्जित मोत्यांचा दागिना मोडूं नये, त्याची निगा राखून तो वापरावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

1893 सालीं जपानांत मिकिमोतो यांस शिंपल्यांत मोती पिकविण्यांत पहिलें यश आलें. आज बाजारांत मिळणारे बहुतेक मोती असे पिकविलेलेच असतात. पूर्वीं इराणच्या आखातांत पाणबुडे जीव धोक्यांत घालून शिंपले काढीत, आणि त्यांतील मोती ‘बसऱ्याचे मोती’ म्हणून मुंबईच्या बाजारांत येत. 1930 नंतरच्या दशकांत तो धंदा बसला. पणजीच्या नथेंतील बारीक, किंचित वेडावांकडा मोती असा आपोआप झालेला असण्याचा संभव पुष्कळ आहे. क्ष-किरणांच्या परीक्षेनें त्याचा निर्णय करितां येतो. तो गमावल्यास त्याच्या जोडीचा मिळणें कठीण.

मोती हा शिंपल्यांतील जीवानें थरावर थर चढवून केलेला चुनखडीच्या जातीचा पदार्थ आहे. आम्लानें तो झिजतो, आणि हिऱ्यामाणकांशीं घासल्यास त्यास चरे पडतात. तांब्यापितळेस चिंच लावतात तशी मोत्यांस कदापि लावूं नये. अत्तर वगैरे लावून झाल्यावर मोती सर्वांच्या शेवटीं घालावे, सर्वांच्या आधीं काढावे, घाम मऊ फडक्यानें टिपावा आणि निराळ्या मऊ कापडांत आडवे ठेवावे. अति कोरड्या व बंद जागीं ते वर्षानुवर्षें पडून राहिले तर त्यांस तडे जातात, आणि एकदां पाणी उतरलें कीं तें परत चढत नाहीं.

रेशीम जुनें झालें कीं कुजतें. म्हणून नित्य वापरांतला दागिना वर्षा-दोन वर्षांनीं जाणत्या पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यावा. देण्यापूर्वीं मोती मोजावे व छायाचित्र काढून ठेवावें. जाड तारेसाठीं छिद्र मोठें करूं देऊं नये. एखादा मोती बदलावाच लागला, तर काढलेला मोती मागून घ्यावा.

कोणी म्हणतील, “तीन बहिणी आणि तन्मणी एक, मोडल्याशिवाय वाटणी कशी व्हावी?” आमचें उत्तर असें कीं, दागिना एकीनें ठेवावा व इतरींस त्याचें मोल द्यावें, किंवा तो पाळीपाळीनें तिन्ही घरीं नांदावा. तुकडे केल्यानें प्रत्येकीच्या वांट्यास थोडें सोनें येईल, परंतु आईचा तन्मणी कोणाच्याच वांट्यास येणार नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांस व विद्यार्थिनींस एक सुचवावेंसें वाटतें. येत्या सुटींत आईजवळ बसून दागिन्यांची पेटी उघडा. कोणता दागिना कोणाचा, तो केव्हां व कोणीं केला, हें आजीस विचारून कागदावर लिहा व तो कागद पेटींतच ठेवा. आजीखेरीज ही माहिती घरांत दुसऱ्या कोणास असेलच असें नाहीं, आणि ज्या दागिन्याचा इतिहास घरांत ठाऊक आहे, तो मोडावयास सहसा कोणाचा हात धजत नाहीं.