परितेवाडीची वाट दिंद्रुडलाही यावी

३ डिसेंबर २०२० रोजी रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे नाव जगभर गेले. डिसले २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेला खेटून जनावरांचा गोठा होता. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

बक्षिसाची चर्चा खूप झाली, कामाची त्या मानाने कमी. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणून त्यांनी धडे आणि कविता मोबाईलवर ऐकण्या-पाहण्याची सोय केली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही हे कोड आले. त्याहून मोलाचे काम व्हिडिओ कॉलचे. त्यांनी परदेशांतले वर्ग जोडून घेतले. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा वैर असलेल्या देशांतली मुले एकमेकांशी बोलती केली.

मग हे बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला का जमू नये? एक स्मार्टफोन, त्याला टेकू द्यायला पुस्तकांची चळत आणि पलीकडे तेवढाच हौशी शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते. वेळेचे गणित मात्र आधी मांडावे लागते. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. इथे सकाळचे ११ वाजतात तेव्हा तिथे दुपारचे अडीच, म्हणजे दोन्हीकडे वर्ग भरलेले. न्यूयॉर्कची शाळा उघडते तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होते. तिथल्या मुलांना निरोप ध्वनिमुद्रित करूनच पाठवावे लागतील.

सांगण्यासारखे तर दारातच आहे. ज्वारीचे कोवळे कणीस आगटीत भाजायचे, गरम असतानाच तळहातांत चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवागार हुरडा तोंडात टाकायचा. हे जपानी मुलांना दाखवताना पोर जी इंग्रजी बोलेल, ती घोकून येणारी नाही.

पण बीड जिल्ह्यातल्या शिक्षकाचा पहिला कॉल परदेशात जाऊ नये. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. अनेक मुले आईबापांबरोबर जातात, कोपीत म्हणजे झोपडीत राहतात आणि त्यांची शाळा अर्ध्यावर सुटते. टोळी उतरते त्या गावातला शिक्षक आणि दिंद्रुडचा शिक्षक आठवड्यातून एकदा जरी पडद्यावर भेटले, तर मूल कुठवर शिकले आहे हे दोघांनाही कळेल. गेलेल्या मुलाला वर्गातले सोबती दिसतील, त्याचे नाव हजेरीपटावर नुसते उरणार नाही.

यासाठी शिक्षकाने स्वतःचा डेटा आणि रात्रीची झोप खर्च करावी, ही अपेक्षा चुकीची आहे. जिल्हा परिषदेने शाळांना खात्रीचे इंटरनेट द्यावे आणि हा वेळ अध्यापनाचा वेळ म्हणून धरावा. शाळासमूह केंद्राच्या येत्या शिक्षण परिषदेतच कारखान्यांजवळच्या शाळांच्या शिक्षकांचे नंबर मागवावेत. टोळ्या निघण्याआधी ते हाती असले पाहिजेत.