विश्लेषण : चोरीचा चाकू विकणे अवघड का?

हाताने घडवलेला चाकू चोरीला गेला, की अमेरिकेतील संग्राहक पोलिसांत तक्रार करून थांबत नाहीत. छायाचित्रे एकमेकांना धाडतात. ही घाई का?

चोरी सोपी का?
बॉब लव्हलेस (१९२९-२०१०) यांच्यासारख्या नामांकित कारागिरांच्या चाकूंना हजारो डॉलर मिळतात. वस्तू मात्र खिशात मावणारी. अटलांटातील ‘ब्लेड शो’सारख्या प्रदर्शनांत ती ग्राहकाच्या हाती दिली जाते, हातात धरल्याशिवाय चाकूची पारख होत नाही. हा व्यवहारच विश्वासावर चालतो.

ओळख कशी पटते?
पात्यावर कारागिराची खूण असते. मुठीच्या लाकडाचे वा शिंगाचे रेषांकन, दमास्कस पोलादावरील नक्षी दुसऱ्या चाकूवर हुबेहूब उमटत नाही. त्यामुळे स्पष्ट छायाचित्र हाच पुरावा ठरतो. कारागीर आणि विक्रेते सावध झाले, की चोराला जाणकार गिऱ्हाईक मिळणे कठीण.

मग धोका कुठे?
संताप समजण्याजोगा आहे. पण संशयितांची नावे जाहीर करणे घातक. चाकू बाळगणारा चोर असेलच असे नाही, त्याने तो प्रामाणिकपणे विकतही घेतला असेल. तरीही अमेरिकी कायद्यानुसार चोरीच्या मालावर सहसा मूळ मालकाचाच हक्क राहतो; म्हणजे त्या खरेदीदाराचे पैसे बुडतात, वर बदनामी पदरात. शोध समुदायाने घ्यावा, आरोप पोलिसांवर सोडावा. आणि स्वस्तात मिळणाऱ्या चाकूची पावती आधी मागावी. चोराला पोसते ती न विचारता केलेली खरेदीच.