तारीख कुणाच्या हातात?
परीक्षेची तारीख परीक्षार्थी ठरवत नाही, हे आमच्या शाळेतल्या मुलांनाही कळते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. मुदतीपूर्वीच निवडणूक घ्या, असे राज्यघटना सांगते. पण ओबीसी आरक्षण, प्रभागरचनेचे वाद कोर्टात गेले आणि मतदान थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. तोवर कारभार प्रशासकाकडे. वरळीत गटार तुंबले तर मतदाराने जाब विचारायचा कुणाला? नगरसेवकच नव्हता.

त्याच काळात अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक सहा महिन्यांत झाली. पुण्याची लोकसभेची जागा मात्र मार्च २०२३ पासून वर्षभर रिकामीच राहिली. म्हणजे कायद्यात तारीख आहे, ती पाळायची सक्ती नाही. ती सक्ती आपण मागितली पाहिजे. मत आपले आहे, तर ते देण्याचा दिवसही कुणाच्या सोयीवर सोडू नका.